सायन्स फँटसी गेमचं नवं जग कसं शोधायचं? शिरूर-दौंडच्या चौघांची न्यूमेनेरा सफर

गेम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? मोबाईल आडवा धरलेला, बॅटरी १२ टक्के आणि मागून आईचा आवाज, "ठेव तो फोन आता!" आज मी ज्या गेमबद्दल सांगणार आहे त्याला ग्राफिक्स नाहीत, लेव्हल नाहीत आणि मोठं डाउनलोडही नाही. लागतात फक्त चार-पाच माणसं, एक-दोन फासे आणि बोलायची तयारी.

मी शिरूरचा. आमचा गट चौघांचा. दोघं शिरूरचे, दोघं दौंडकडचे. एक जण रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जातो, एक मैत्रीण दौंडवरून रेल्वेने पुण्याला कॉलेजसाठी अप-डाऊन करते. रविवारी रात्री आम्ही ग्रुप कॉलवर बसतो आणि तीन तास एका अशा जगात फिरतो, जे शंभर कोटी वर्षांनंतरचं आहे. हे जग आम्हाला कसं सापडलं, ते कसं चालतं आणि तुम्हाला तुमचं जग कसं शोधता येईल, हे आज सोप्या भाषेत बघूया.

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे काय?

लहानपणी आपण "मी पोलीस, तू चोर" खेळायचो ना? तसंच हे, फक्त त्याला नियम जोडलेले आहेत. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण गेम मास्टर होतो. आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जिथे निकाल नक्की नाही, तिथे फासा टाकायचा.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध गेम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. गंमत बघा, त्याच १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली होती आणि तिला बक्षीस मिळालं होतं. तिकडे तलवारी आणि जादू, इकडे कृष्णविवर. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे आजचा आपला विषय आहे.

सेटिंग आणि सायन्स फँटसी: फरक समजून घ्या

गेमचे दोन भाग असतात. नियम म्हणजे फासा कसा टाकायचा, कोण जिंकलं ते कसं ठरवायचं. सेटिंग म्हणजे ते सगळं कुठल्या जगात घडतं. नियम तेच ठेवून सेटिंग बदलता येतं, जसं क्रिकेटचे नियम घेऊन तुम्ही गल्लीत खेळा नाहीतर पिकं काढलेल्या रानात.

आता सायन्स फँटसी. विज्ञानकथेत जे घडतं त्याला विज्ञानाचा आधार लागतो. फँटसीत मंत्र म्हटला की दार उघडतं, कारण विचारायचं नाही. सायन्स फँटसीत दोन्हींची सरमिसळ असते. मंत्रासारखं दिसतं, पण आत कुठेतरी यंत्र असतं. लेखक आर्थर सी. क्लार्क यांचा एक प्रसिद्ध विचार आहे: तंत्रज्ञान फारच पुढे गेलं की बघणाऱ्याला ते आणि जादू यांत फरक करता येत नाही. सायन्स फँटसी याच फटीत राहते.

अशी जगं गेममध्ये लवकरच आली. १९७६ च्या मेटामॉर्फोसिस अल्फा या गेममध्ये एका प्रचंड अवकाशयानात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या लोकांना आपण यानात आहोत हेच माहीत नसतं. १९८० मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी एक साहस आलं, त्यात तलवारवाले वीर डोंगरातल्या एका गुहेत शिरतात आणि ती गुहा निघते कोसळलेलं अवकाशयान! वाचकाला माहीत आहे, पात्राला नाही. खरी मजा याच अंतरात आहे.

न्यूमेनेरा: शंभर कोटी वर्षांनंतरची पृथ्वी

आम्हाला सापडलेलं जग म्हणजे न्यूमेनेरा. गेम डिझायनर माँटी कुक यांनी २०१२ मध्ये त्यासाठी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले. मागितले होते २० हजार डॉलर, जमले ५ लाखांच्या वर. २०१३ मध्ये पुस्तक आलं. २०१७ मध्ये याच जगावर कॉम्प्युटर गेमही निघाला, टॉर्मेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा.

कल्पना अशी: पृथ्वीवर आठ महान संस्कृती आल्या आणि गेल्या. आता नववी चालू आहे, म्हणून या जगाचं नाव नाइन्थ वर्ल्ड. या नवव्या जगातले लोक साधी शेती करतात, भाले वापरतात, छोट्या गावांत राहतात. पण नांगर चालवताना जमिनीतून मागच्या संस्कृतींची यंत्रं वर येतात. ती कुणी बनवली, कशासाठी बनवली, कुणालाच ठाऊक नाही. चाललं तर वापरायचं, फुटलं तर पळायचं.

या वस्तूंपैकी एकदाच वापरता येणाऱ्या वस्तूला सायफर म्हणतात. एका पात्राला ठराविक संख्येपेक्षा जास्त सायफर जवळ ठेवता येत नाहीत. का? कारण आपण सगळे मोबाईल गेममध्ये चांगल्या वस्तू "नंतर कामी येईल" म्हणून साठवून ठेवतो आणि गेम संपतो तरी वापरत नाही! इथे नियमच सांगतो: वापरा, नवीन मिळेल.

फाशाचं गणित: दोन मिनिटांत

न्यूमेनेराचे नियम मला आवडले, कारण सूत्रधार फासा टाकतच नाही. सगळे फासे खेळाडूंच्या हातात. फासा वीस बाजूंचा.

सूत्रधार कामाची अवघड पातळी ठरवतो, साधारण १ ते १०. तिला ३ ने गुणायचं. येईल तो आकडा किंवा त्याहून जास्त पडला की काम झालं. म्हणजे:

पातळी २, हवे ६ किंवा जास्त: शक्यता ७५ टक्के.
पातळी ३, हवे ९ किंवा जास्त: ६० टक्के.
पातळी ४, हवे १२ किंवा जास्त: ४५ टक्के.
पातळी ५, हवे १५ किंवा जास्त: ३० टक्के.
पातळी ६, हवे १८ किंवा जास्त: १५ टक्के.
पातळी ७, हवे २१. वीस बाजूंच्या फाशावर २१ कुठून आणणार?

म्हणूनच पातळी खाली आणायची युक्ती शोधावी लागते. एक मार्ग म्हणजे जोर लावणं. प्रत्येक पात्राकडे ताकद, वेग आणि बुद्धी यांचे साठे असतात. त्यातले ३ गुण खर्च केले की पातळी एकाने उतरते. पण जखम झाली की तीसुद्धा याच साठ्यांतून वजा होते. म्हणजे जोर लावणं म्हणजे स्वतःचं रक्त आटवणं, अक्षरशः! दुसरा मार्ग फुकटचा: चांगली कल्पना, योग्य हत्यार किंवा सोबत्याची मदत. त्यानेही पातळी उतरते.

आणखी एक भारी नियम आहे. सूत्रधार मध्येच येऊन सांगू शकतो, "दोर तुटला." आम्ही याला खोडा म्हणतो. पण खोडा फुकट घालता येत नाही. ज्याच्यावर संकट आलं त्याला २ अनुभवगुण द्यायचे. त्यातला एक तो स्वतः ठेवतो आणि दुसरा मित्राला देतो. म्हणजे संकट आलं की टेबलावर कुणाचा तरी फायदाच होतो. खोडा नकोच असेल, तर स्वतःकडचा एक अनुभवगुण देऊन तो नाकारता येतो.

हे जग शिरूरला कसं आणलं?

पुस्तकात नाइन्थ वर्ल्डची स्वतःची राज्यं, शहरं, नकाशे आहेत. सुंदर आहेत, पण नावं तोंडात बसत नव्हती. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचं, "ते शहर नक्की कुठंय?" मग ठरलं, नियम आणि मूळ कल्पना तीच, जमीन आपली. आणि आजूबाजूला बघितलं तर सामान आधीच पडलेलं होतं.

पहिलं, इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून जास्त घरं सापडली. पाण्यासाठी पाट आणि बांध होता, धान्याचं कोठार होतं, त्याच्याजवळ पाच खोल्यांचं मोठं घर होतं. मोठ्या माणसांना पुरताना सहसा घोट्याखालचे पाय तोडलेले असत. पण त्या मोठ्या घराच्या जागेत चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष सापडला आणि त्याचे पाय शाबूत होते! पुढच्या काळात चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या आणि अखेर वस्ती उठली. हवामान कोरडं होत गेलं, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. आता सांगा, संपलेल्या संस्कृतीचं कोडं शोधायला शंभर कोटी वर्षं पुढे कशाला जायचं?

दुसरं, रांजणखळगे. शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी आणि पलीकडचं निघोज यांच्यामधून कुकडी नदी वाहते. तिच्या पात्रातल्या काळ्या खडकात खोल, गुळगुळीत रांजण तयार झालेत. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून खडक कोरत गेले, असं भूगोल सांगतो. आमच्या गेममधली माणसं मात्र शपथेवर सांगतात की ते कुणीतरी ओतून बनवलेत.

तिसरं, खोडदची दुर्बीण. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्या तबकड्यांनी पकडलेले संकेत एकत्र जुळवले की बारीक तपशील दिसतो, जणू एकच अवाढव्य तबकडी आहे. आमच्या जगात हे "आभाळाकडे तोंड करून बसलेले तीस वाडगे" आहेत. त्यातले तीन भलतीकडे वळलेत. ते परत वळवले की आभाळ बोलतं, अशी दंतकथा. दंतकथा आमची, पण तिच्या पोटातलं विज्ञान खरं आहे.

चौथं, दौंड जंक्शन. इथून मनमाडकडे फाटा फुटतो, बारामतीकडेही. आमच्या जगात दौंडचं नाव "सांधा". लोखंडी वाटा कुणी आणि का अंथरल्या ते कुणाला माहीत नाही, पण प्रत्येक पंथ म्हणतो की आपलीच वाट देवाकडे जाते.

भाषा बदलली आणि एक जण बोलू लागला

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट. आमच्यातला दौंडकडचा एक मित्र सुरुवातीला फारसा बोलायचाच नाही. पुस्तक इंग्रजीत, शब्द इंग्रजी, त्यामुळे त्याची पाळी आली की "हल्ला करतो" एवढंच. वाटायचं, त्याला आवडत नसेल. मग आम्ही सगळं मराठीत आणलं आणि पहिलाच प्रसंग भीमेच्या काठच्या उसात ठेवला.

मी म्हणालो, "रात्र आहे. ऊस डोक्याच्या वर गेलाय. आत काहीतरी निळं चमकतंय. काय करतोस?"

तो म्हणाला, "पाणी चालू आहे का?"

"म्हणजे?"

"अरे, दारं धरलेलं असंल तर सरीत पाणी पाहिजे. मी बांधावरनं बघतो, कुठल्या सरीला पाणी तुंबलंय. जिथं तुंबलं तिथं ती वस्तू आडवी पडलीय. उगं आत कशाला शिरायचं?"

कॉलवर दोन सेकंद शांतता. मग मैत्रीण म्हणाली, "हे कुणी शिकवलं रे तुला?" तो म्हणाला, "शिकवायचं काय त्यात? लाईट रात्रीची असती आमच्याकडं."

मी वस्तू शोधायची पातळी ५ ठरवली होती, म्हणजे ३० टक्के. त्याच्या कल्पनेने ती ४ झाली. त्याने ३ गुणांचा जोर लावला, ३ झाली. आता ६० टक्के. फासा पडला ११. वस्तू मिळाली. त्या रात्रीपासून गटातले सगळे बेत तोच आखतो.

यात नियम बदलले नव्हते. बदललं एवढंच की रात्री पाणी धरायला जाण्याचा त्याचा अनुभव गेममध्ये चलन म्हणून चालू लागला. परक्या जगात त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आपल्या जगात सगळ्यात जास्त त्याच्याकडेच होतं.

आपली जमीन आणली की आपली भीतीही येते

पण एक काळजी घ्यायची. सेटिंग जवळचं केलं की खरी दुःखंही जवळ येतात. उसातला प्रसंग ठरवण्याआधीच आमच्यातल्या शिरूरच्या एकाने सांगितलं, "बिबट्या नको." त्याच्या ओळखीच्या घरात जे घडलं होतं, ते आम्हाला माहीत होतं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या पट्ट्यात ऊस हेच आता बिबट्यांचं घर झालंय. माणसांचे, लहान मुलांचे जीव गेलेत. पुस्तकातला राक्षस आणि संध्याकाळी अंगणातून पोराला आत बोलावणारी आई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही बिबट्या काढून टाकला, कुणी कारण विचारलं नाही.

यासाठी जगभरचे खेळाडू एक साधी पद्धत वापरतात, एक्स कार्ड. जॉन स्टाव्रोपोलोस यांनी ती मांडली. टेबलावर फुलीचं एक कार्ड ठेवायचं. कुणालाही एखादी गोष्ट सहन होत नसेल तर कार्डाला हात लावायचा, सूत्रधार तो भाग वगळून पुढे जातो. स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. कॉलवर असाल तर चॅटमध्ये नुसती फुली टाका.

मोबाईलवर काय काय लागतं?

फासा: वीस बाजूंचा फासा जवळच्या दुकानात मिळणं कठीण. गुगलवर इंग्रजीत "रोल डाईस" सर्च केलं की स्क्रीनवरच फासे येतात, वीस बाजूंचाही.

कॉल: व्हिडिओची गरज नाही. ऑडिओ कॉलवर डेटा कमी जातो आणि कल्पनाशक्ती जास्त चालते.

नोंदी: एक शेअर केलेलं डॉक्युमेंट ठेवा. कीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग चालू केलं की बोलून नोंदी होतात.

मोफत नियम: न्यूमेनेरा ज्या सायफर सिस्टीमवर चालतो तिचा नियमसंच इंटरनेटवर मोफत वाचता येतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन तुम्ही तो भाषांतरितही करू शकता. अगदीच नवीन असाल तर जॉन हार्पर यांचा लेझर्स अँड फीलिंग्स घ्या. संपूर्ण गेम एका पानात बसतो आणि त्याला साधा सहा बाजूंचा फासा पुरतो.

मात्र लक्षात ठेवा, नियम मोफत असले तरी न्यूमेनेराच्या पुस्तकातला मजकूर, चित्रं आणि नकाशे मोफत नाहीत. ग्रुपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ घेऊ नका. मूळ कल्पना समजून घेऊन स्वतःचं जग रचलं तर कुणाची परवानगी लागत नाही, पैसेही नाहीत.

नवीन सेटिंग सापडलं तर काय तपासायचं?

कुठलंही जग हाती लागलं की आम्ही पाच प्रश्न विचारतो.

१. इथल्या साध्या माणसाला रोज कशाची चणचण आहे? पाणी, अन्न, विश्वास?
२. इथे काय आहे, जे वापरता येतं पण समजत नाही?
३. पात्रांना माहीत नाही, पण आपल्याला ओळखू येईल असं काय आहे?
४. माझ्या गावातली कुठली जागा इथे जशीच्या तशी बसेल?
५. कुठली गोष्ट आपण इथे आणायची नाही?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळतात. चौथ्याचं उत्तर तुमच्या तालुक्यात फिरून मिळेल. पाचव्याचं उत्तर मात्र मित्रांना विचारूनच मिळतं, म्हणून फासा टाकायच्या आधी ते विचारा.

पहिल्या खेळासाठी फार तयारी नको. एक जागा, एक न कळणारी वस्तू आणि ती हवी असलेली दोन माणसं एवढं ठरवा. पात्र बनवायला न्यूमेनेराची एका वाक्याची पद्धत वापरा: मी कसा, मी कोण आणि मी काय करतो. उदाहरणार्थ, "मी सावध शिकारी, जो लोखंडाशी बोलतो." मग सूत्रधाराने फक्त एवढंच विचारायचं: "काय करतोस?" आणि उत्तर यायला वेळ लागला तर गप्प बसून वाट बघायची. आमच्या त्या मित्राला बोलायला दोन रविवार लागले होते.